खाडीच्या तोंडाशी लहानूभाऊ

समुद्रात तेल सांडलं आणि त्यात माखलेला पक्षी तुमच्या मोबाईलवर पंख आपटताना दिसला, तर तुम्ही काय करता? हळहळून तो व्हिडिओ पुढे पाठवता, की फावडं उचलून मिळेल त्या गाडीनं किनाऱ्याकडे धावत सुटता? पहिलं उत्तर निकामी आहे, हे कुणीही मान्य करेल. दुसरंही तितकंच वाईट असू शकतं, हे पटायला मला लहानूभाऊ भेटावे लागले.

लहानूभाऊ आमच्या नागभीड तालुक्यातल्या गावचे. पावसाळ्यात धान, आणि दिवाळी सरली की झाडीपट्टीच्या नाटकांसोबत गावोगाव. ते नट नव्हते. रंगमंचाच्या कडेला, विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुटपुटायची आणि ज्याची वेळ आली त्याला आत सोडायचं, हे त्यांचं काम. वीसेक हंगाम त्यांनी विंगेत काढले. त्यामुळे त्यांचा आवाजच बसला होता, म्हणजे खाली बसला होता. ते कधी मोठ्यानं बोलत नसत. ग्रामसभेत माईक हातात देऊनही ते कुजबुजत, आणि सगळी सभा पुढे वाकून ऐके. आमच्याकडे प्रत्येकाच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो. यांच्या खिशात फुटाणे. "तोंड भरून असन तं वाक्य कोणाच्या बापाले आठवन?" असं विचारत.

त्यांची आणखी एक सवय होती. समोरच्याची बाही धरायची. नट उतावीळ होऊन वेळेआधीच मंचावर निघाला की भाऊ मागून त्याची बाही पकडत आणि कानाशी म्हणत, "अजून नाई." एकदा एका प्रसिद्ध खलनायकाला भारीच जोर चढला होता. नायिकेचं रडणं संपायच्या आत तो निघाला. भाऊंनी बाही धरली, त्यानं हिसका दिला, आणि बाही भाऊंच्या हातात राहिली. खलनायक एका बाहीनं मंचावर गेला. शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. पुढच्या गावी लोक आधीच विचारू लागले, "एका बाहीवाला येऊन राह्यला ना?" कंपनीनं शेवटी त्याला तसाच पोशाख शिवून दिला. भाऊ मात्र ती गोष्ट सांगताना हसत नसत. म्हणत, "तिचं रडणं खराब झालं असतं ना बापा."

मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर नसेल, पण कोपऱ्यात पत्रकांचा गठ्ठा असेच. जमिनीचा प्रश्न, धरणाचा प्रश्न, शाळेचा प्रश्न. उद्गारचिन्ह मला काना-मात्रेच्या आधी आलं. म्हणून कोकणच्या समुद्रात एका जहाजातून तेल गळू लागल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. "चला किनाऱ्यावर! समुद्र आपला आहे!" खाली जहाजाच्या मालकाला पाच प्रश्न. गावातली पंधरा-वीस पोरं-पोरी तयार झाली. प्रवीण सर्वांत पुढे. तो ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरचा, तलावात मासोळीच्या बरोबरीनं पोहणारा.

पत्रक घेऊन मी भाऊंकडे गेले. गावाच्या तलावावरच्या श्रमदानाचे ते पुढारी, त्यांच्या शब्दाशिवाय कुणी निघालं नसतं. त्यांनी ते शांतपणे वाचलं. फुटाणे चघळत विचारलं,

"मस्त लिवलं, पत्रकबाई. पण तुले बोलावलं काय कोणी?"

"भाऊ, समुद्र मरून राह्यलाय अन् आपण आमंत्रणाची वाट पाहाची?"

"आमंत्रण नाई. विचारणं. घर जळून राह्यलं म्हणून शंभर लोक आत घुसले तं आग इझते का दार तुटते?"

मग त्यांनी माझ्याच फोनवरून किनाऱ्यावरच्या मदत केंद्राचा नंबर शोधायला लावला. फोन सावंत मॅडमनी उचलला. एका शाळेत त्यांनी स्वयंसेवकांचं केंद्र मांडलं होतं. त्या दमलेल्या होत्या, पण स्पष्ट. म्हणाल्या, आज येऊ नका. इथे इतके लोक न विचारता आले आहेत की त्यांच्या जेवणातच आमची माणसं अडकली आहेत. नावं नोंदवा, कोण काय करू शकतं ते सांगा, आम्ही पाठवू ते प्रशिक्षण बघा, आणि बोलावू तेव्हा या.

"अजून नाई," भाऊ फोन ठेवत म्हणाले. माझ्या पत्रकाच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलनं एकच ओळ लिहिली: बोलावल्याशिवाय कोणी निंगू नये. गावात फिरलं ते तेच.

वाट पाहण्याचे दिवस आम्हाला फार जड गेले. चौकात टोमणे सुरू झाले. "काऊन बे प्रवीण, समुद्र आटला काय?" "लहानूभाऊ, तुमचं नाटक पडदा उघडाच्या आधीच संपलं!" भाऊ त्यांना फुटाणे देत. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या खोलीत आम्ही सावंत मॅडमनी पाठवलेले पाठ बघत असू. तेलाला उघड्या हातानं शिवायचं नाही. हातमोजे, उंच बूट, डोळ्यांना चष्मा. वासानं डोकं दुखलं तर लपवायचं नाही, तिथून निघायचं. तेलावर साबणाची भुकटी टाकायची नाही. तेल जात नाही, फक्त खाली बसतं आणि खालच्या जिवांना मारतं. दम्याच्या माणसानं किनाऱ्यावर यायचं नाही, गर्भवतीनं यायचं नाही. माझ्या चुलतभावाला दमा आहे. तो रुसला. भाऊंनी त्याला गावात फोनवर बसवलं, घरोघरी निरोप द्यायला. "मंचावर दहा दिसतात," त्याला म्हणाले, "पडदा ओढणारा नसला तं दहाही उघडे पडतात."

अनुसयाबाई, आमच्याकडच्या रोवण्यातल्या म्होरक्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या बायकांची ओळ त्या चालवतात. त्यांनी एक दिवस विचारलं, "पक्षी भेटला तं धुवाचा नाई?"

"नाई," भाऊ म्हणाले. "धुणारे येगळे हाय. आपण फोन कराचा अन् दूर उभं राहाचं."

"लेकराले कोणी असंच ठेवते काय?"

"ते आपलं लेकरू नोहे ना बाई. त्याच्यासाठी आपण वाघच आहो."

मग एके सकाळी बोलावणं आलं. नागभीडहून निघून, गाड्या बदलत आम्ही पोचलो. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि तो निळा होता. तेल अजून लांब होतं. सावंत मॅडम आमच्यापुढे आल्या. आवाजानं वाटलं त्यापेक्षा लहानखुऱ्या. त्यांनी आम्हाला पोती दिली आणि म्हणाल्या, भरतीच्या रेषेवरचा सगळा कचरा उचला.

प्रवीणचा चेहरा पडला. "एवढ्या लांबून आलो ते प्लास्टिक वेचाले?"

मॅडम म्हणाल्या, "तेल आलं की या बाटल्या, ही जाळी, ही लाकडं सगळं तेलकट होणार. मग तो साधा कचरा राहत नाही, विष होतो. आज एक पोतं उचललंत तर उद्या तेवढं विष कमी."

आम्ही वेचत होतो तिथं एक बाई येऊन उभी राहिली. हिराबाई. कोळीण, साठीच्या आसपासची, पदर कमरेला खोचलेला. किनाऱ्याच्या टोकाला एक खाडी आत जाते. तिच्या आत ओहोटीला उघडा पडणारा चिखल आहे, आणि त्या चिखलात तिसऱ्या असतात, शिंपल्यातल्या. त्या वेचूनच हिराबाईंचं घर चालतं. नवरा नाही, बोट नाही. हा चिखल तेवढा.

"कुठनं आलाव?" त्यांनी विचारलं.

"चंद्रपूर जिल्हा," भाऊ म्हणाले.

"तिकडं दर्या हाय?"

"नाई."

"मग काय बघायला आलाव, आमचं मरण?"

भाऊंनी खिशातून फुटाणे काढून पुढे धरले. हिराबाईंनी दोन घेतले. मग खाडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तेल किनाऱ्याला लागलं तर वाळू धुता येईल, असं ती केंद्रातली बाई सांगते. माझ्या चिखलात शिरलं तर कुणी धुणार नाय. किती वर्सं राहील, देवाला ठाऊक."

त्या दिवसापासून भाऊ उठल्यावर आधी त्या खाडीच्या तोंडाकडे बघत. आम्हीही बघू लागलो.

दोन दिवसांनी तेल आलं. मी लाट काळी असेल असं समजत होते. तसं नव्हतं. डांबराचे गोळे, चपट्या पोळ्या, मध्येच चॉकलेटी फेस, आणि पेट्रोलपंपासारखा, पण सडका वास. सावंत मॅडम दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. आम्हाला एक पट्टा नेमून दिला होता: तेल काढा, पिशव्यांत भरा. आणि इथं आम्ही जी चूक केली ती आम्हीच करू शकत होतो.

आमचा मुलूख तलावांचा. दर उन्हाळ्यात आम्ही तलावाचा गाळ काढतो. गाळ काढायचा म्हणजे फावडं खोल घालायचं, घमेलं भरायचं, साखळी करून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नेऊन टाकायचं. ढीग जितका उंच, तितकी छाती फुगते. आमच्या हातांना दुसरं काही ठाऊकच नाही. पहिलं फावडं भाऊंनी घातलं. साखळी लागली. कुणीतरी गाणं धरलं. तासाभरात किनाऱ्यावर माणसाच्या उंचीचा ढीग, आणि आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटतोय.

सावंत मॅडम आल्या आणि उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही तेल नाही काढलंत. किनारा काढलात."

खरंच होतं. तेल वरच्या दोन बोटांत होतं. आम्ही ढोपरभर खड्डा केला होता. ढिगात नव्वद टक्के चांगली वाळू, आणि आता तीही बिघडलेली. आमच्या बुटांनी गोळे खाली दाबले होते ते वेगळंच. मॅडमनी संपूर्ण पथकाला वाळूवरून उठायला सांगितलं. हिराबाई लांबून बघत होत्या. कपाळावर हात मारून त्या वळल्या, ते मला फार लागलं.

मी तोंड उघडणार होते. जहाजवाल्यांना कुणी वाळूवरून उठवत नाही, आम्हालाच का, वगैरे माझं सगळं तयार होतं. भाऊ माझ्याआधी पुढे झाले. त्यांनी फावडं खाली ठेवलं.

"मॅडम, फावडं मी घातलं पहिलं. यायनं माह्या मागं घातलं. आता तुम्ही एकडाव दाखवा, मी पाहातो. मंग ठेवा नाईतं पाठवा."

मॅडमनी दाखवलं. सपाट पात्याचं खोरणं, वाळूला नुसतं चाटून घ्यायचं. पिशवी अर्धीच भरायची, फाटू नये म्हणून. आणि पाय फक्त स्वच्छ जागेवर. भाऊ वाकून बघत राहिले. मग त्यांनी अनुसयाबाईंकडे पाहिलं.

"बाई, रोवणाच हाय हा."

अनुसयाबाई खदखदून हसल्या. "हाय तं! फक्त उलटा. रोवण्यात मागं सरतो, इथी पुढं सराचं. पाय साफ केल्यावरच."

बायका ओळीनं उभ्या राहिल्या. रोवण्यात कुणी ओळ मोडून पुढे गेलं तर तिची टिंगल होते, तशी इथंही सुरू झाली. "ए प्रवीण, नवरदेव, मांडवात आधी शिरू नोको!" वाळू खाली तशीच राहत होती, पिशवीत डांबरच येत होतं. संध्याकाळी मॅडम परत आल्या आणि पिशव्या बघून त्यांनी मान डोलावली. आमचा तो ढीग मात्र दुसऱ्या दिवशी आम्हालाच चाळावा लागला. भाऊ सर्वांत जास्त वेळ चाळत बसले.

चाळता चाळता मी त्यांना विचारलं, "भाऊ, ज्यायनं सांडलं ते एसीत बसले अन् आपण फुकटात घासून राह्यलो. हे बरोबर हाय काय?"

"नाई."

"मंग?"

"इचार ना त्यायले. जोरात इचार. कोर्टात ने. पण हातमोजे घालून इचार, इथचं काम करता करता. आपण थांबलो तं त्याले फरक नाई पडत. हिराबाईले पडते."

त्याच दुपारी वाळूवर एक पक्षी सापडला. छाती काळी, चोच उघडी. मोबाईल काढून लोक धावले. भाऊ आधी पोचले. त्यांनी हात लावला नाही. दहा पावलांवर पाठमोरे बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला कुजबुजून सांगू लागले, "मागं व्हा बापा. त्याले प्रेक्षक नाई पायजे." कुत्र्यांनाही तेच सांगितलं. पक्ष्यांचं पथक येईस्तोवर ते तिथून हलले नाहीत. आमच्यातला सर्वांत मोठा पराक्रम त्या दिवशी बहुधा तोच होता, आणि त्यात त्यांनी काहीच केलं नाही.

मला वाटतं, हे पाहूनच सावंत मॅडमनी त्यांना खाडीचं तोंड राखायला दिलं.

खाडीच्या तोंडावर प्रशिक्षित माणसांनी नावेतून एक तरंगता जाड पट्टा टाकला होता, या काठापासून त्या काठापर्यंत. त्याला बूम म्हणतात. तेल पाण्यावर तरंगतं, ते त्या पट्ट्याला अडतं. काम नाववाल्यांचंच, आमचं नाही. पण त्यांना किनारा सांभाळायचा होता, म्हणून पट्ट्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवं होतं. कुठे सैल झाला, कुठे बुडाला, की वॉकीटॉकीवर सांगायचं. बस. भाऊ खडकावर जाऊन उभे राहिले. मी, प्रवीण आणि हिराबाई सोबत.

मोठी भरती होती त्या सकाळी. पाणी आत रेटत होतं आणि त्याच्याबरोबर तेलाची एक लांब तपकिरी जीभ. पट्ट्यानं ती अडवली. तेल साचत गेलं. आणि मग समोरच्या काठाचा दोर खडकावरून घसरला. मोठं काही नाही. माणूस आडवा जाईल एवढी फट पडली. जीभ त्या फटीकडे वळू लागली.

भाऊंनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. त्याच खालच्या आवाजात, एकेक शब्द सुटा: "समोरचा काठ. खडकाजवळ दोर सुटला. फट पडली. तेल तिकडं वळून राह्यलं." पलीकडून उत्तर आलं, येतोय. पण नाव टेकडीच्या मागे होती. दिसतही नव्हती.

"बघत काय राहिलाव!" हिराबाई ओरडल्या. "ओढा ना कुणीतरी! माझा चिखल जाईल!"

प्रवीणनं शर्ट काढायला घेतला. "भाऊ, मी जातो. दोन मिंटात दोर धरतो. यापेक्षा मोठा तलाव मी पोहून जातो."

भाऊंनी त्याची बाही धरली.

"अजून नाई."

"भाऊ, सोडा! ते पाहा, शिरून राह्यलं!"

"तलावाले भरती असते काय? तू ओढीत सापडला तं नाव कोणाकडं येईन? दोराकडं का तुह्याकडं?"

प्रवीण थांबला. मी भाऊंच्या हाताकडे बघत होते. बोटं पांढरी पडली होती. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. माझ्या घरातल्या सगळ्या पत्रकांत उडी मारणारेच मोठे होते.

मग टेकडीमागून नाव आली. थेट फटीकडे. दोघांनी दोर धरला, तिसऱ्यानं नाव काठाला भिडवली, पट्टा ताणला, फट मिटली. तेलाची एक अरुंद पट्टी आत गेली होती. ती त्यांनी आतल्या बाजूला शोषणारे पॅड टाकून काठाजवळच धरली. नाव आधी प्रवीणला काढायला वळली असती तर काय झालं असतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. प्रवीण खाली बसला. भाऊंनी बाही सोडली आणि खिसे चाचपले. फुटाणे संपले होते. हिराबाईंनी आपल्या बटव्यातून पान काढून त्यांना दिलं, आणि त्या माणसानं, ज्यानं आयुष्यभर गालात काही धरलं नाही, ते खाल्लं.

चिखल स्वच्छ आहे की नाही हे तपासल्याशिवाय तिसऱ्या वेचायला बंदी होती. आम्ही परत आलो तेव्हा तपासणी व्हायची होती. पुढचे काही महिने भाऊ नाटकाच्या हंगामात असूनही दर आठवड्याला हिराबाईंना फोन करत आणि एकच विचारत, "आला काय निकाल?" एका दुपारी त्यांचा मला फोन. नेहमीसारखी कुजबुज. "पत्रकबाई, चल. साफ हाय म्हणते. बाईनं बोलावलं."

आम्ही दोघं गेलो. ओहोटी होती. मी काठावर थांबले, मला निघायची घाई होती. गडचिरोलीत सिरोंच्याकडे मला काम लागलं होतं आणि मी तिथूनच परस्पर जाणार होते. भाऊंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. हिराबाई पुढे. बसपर्यंत पोचायला मी वळले तेव्हा मागून हिराबाईंचा आवाज आला, "डोळ्यांनी काय शोधताय भाऊ? पायांनी शोधा, पायांनी!" मी मागे पाहिलं. भाऊ एका पायावर उभे, दुसऱ्या पायानं चिखल चाचपत, डोळे मिटलेले. मग वाकले. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. ते मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. पार काठापर्यंत ऐकू आलं.

त्यानंतर माझी त्यांची भेट नाही. फोन होतो.

आता तुमच्याकडे मागणं. तेल सांडल्याची बातमी येण्याची वाट बघू नका. आज, हे वाचून झाल्यावर, तुमच्या जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन करा. विचारा, स्वयंसेवक म्हणून नाव कुठं नोंदवायचं आणि प्रशिक्षण कधी आहे. तुम्हाला स्वयंपाक येतो, गाडी येते, फोनवर बसता येतं, पाठीत जोर आहे, की दम्यामुळे किनाऱ्यावर जाता येणार नाही, ते सगळं खरं सांगा. समुद्र कितीही लांब असो. कुठल्यातरी हिराबाईचा चिखल वाचायचा असेल तर तिथं शिकलेली माणसं लागतात, आणि शिकायला आजचा दिवस मोकळा आहे. फोन उचला.